किरणोपचार चालू असताना गिळता येत नसेल, तर नाकातून नळी घालण्यास संमती द्यावी का?

तुमच्या वडिलांचे घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार तिसऱ्या आठवड्यात आहेत, वजन ६८ किलोवरून ६४ वर आले आहे, डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली आहे आणि ‘नळी लागली म्हणजे संपलेच’ असे म्हणून ते नकार देत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ही भीती मी सतत ऐकते. नळी घालतात ती ठरलेले उपचार खंड न पडता पूर्ण व्हावेत म्हणून, आणि तोंडाने पुरेसे जाऊ लागले की बहुतेकांची ती काढली जाते. माझ्या मते त्यांनी संमती द्यावी, आणि लवकर द्यावी.

घाई करण्याचे कारण असे, की हे उपचार साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस याप्रमाणे ६ ते ७ आठवडे चालतात; तोंड येणे, लाळ चिकट होणे, चव जाणे हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन शेवटापर्यंत वाढत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकतो. म्हणजे कठीण काळ अजून पुढे आहे. महिन्याभरात ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे गंभीर मानले जाते आणि तुमच्या वडिलांचे जवळपास ६ टक्के आधीच घटले आहे. शिवाय उपचाराच्या वेळी डोके स्थिर ठेवणारा मास्क सुरुवातीच्या चेहऱ्याच्या मापाचा असतो. गाल आणि मान उतरली की तो सैल होतो, किरण नेमक्या जागी पडण्यात फरक पडू शकतो, आणि कधी नवा मास्क व नवे स्कॅन करावे लागते. उपचारांत पडलेला खंड कर्करोगाच्या पथ्यावर पडतो, म्हणून वजन टिकवणे हा उपचाराचाच भाग समजावा.

या काळात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात; ६४ किलोला ती साधारण १,९०० कॅलरी आणि ७७ ते ९६ ग्रॅम प्रथिने होतात. पातळ सूप आणि फळांचा रस यांवर हा हिशेब जमत नाही. तोंडाने जे जाते ते दाट पौष्टिक असावे: सायीचे दूध, अंडे, दूध पावडर किंवा प्रथिनांची पावडर घातलेले, कोमट किंवा गार, आंबट-तिखट टाळून, दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे. वेदनाशामक औषध डॉक्टरांना विचारून खाण्याच्या अर्धा तास आधी द्यावे. एवढ्यानेही चार घोट जास्त जातात. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरावी. अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरू नये. साखर पूर्ण बंद करून कर्करोग उपाशी मरत नाही, रुग्ण मात्र आणखी खंगतो.

एवढे करूनही आठवडा-दोन आठवडे गरजेच्या ६० टक्क्यांहून कमीच जात असेल, तर नळी घालणे लांबवू नये. ती ४ आठवड्यांहून जास्त लागेल असे दिसत असल्यास थेट पोटात बसवायच्या नळीबद्दलही विचारावे. नाकातील नळीतून अन्न देण्यापूर्वी नाकपुडीजवळ नळीवर केलेली खूण प्रत्येक वेळी पाहावी. ती सरकली असेल, किंवा खोकला-धाप लागली असेल, तर काहीही न घालता रुग्णालयाशी संपर्क साधावा. अन्न देताना आणि नंतर किमान अर्धा तास त्यांना बसते ठेवावे, आधी व नंतर पाणी सोडून नळी धुवावी. पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काहीच गेले नसेल, तर एकदम पूर्ण आहार देणे धोक्याचे असते. रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम तपासत प्रमाण हळूहळू वाढवावे लागते.

नळी असली तरी गिळणे थांबवायचे नसते, आणि नेमके हेच घरोघरी राहून जाते. न वापरलेले स्नायू दुबळे होतात, म्हणून गिळण्याचे व जबड्याचे व्यायाम तज्ज्ञांकडून आजच शिकून घ्यावेत आणि त्यांनी सुरक्षित ठरवलेले घोट रोज चालू ठेवावेत. पाणी पिताना ठसका लागणे, गिळल्यावर आवाज घोगरा-ओला येणे किंवा ताप येणे ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये. शेवटच्या सत्रानंतर लगेच नळी काढण्याचा आग्रह धरू नका. तोंडाने पुरेसे जाऊन वजन स्थिर राहते आहे, हे आहारतज्ज्ञांनी पाहिल्यावरच ती काढावी.