वाचकांचे प्रश्न : चिनी कुलसंस्थेची वास्तू कशी जपावी?

मलेशियातील पिनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरात, 'खू कोंगसी' ही चिनी कुलसंस्थेची वास्तू आहे. मागील अंकात तिची ओळख करून दिल्यानंतर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. दक्षिण चीनच्या फूजियान प्रांतातील सिन कांग गावातून पिनांगला आलेल्या खू आडनावाच्या लोकांनी १८३५ मध्ये एकत्र येऊन ही संस्था स्थापन केली आणि १८५०-५१ च्या सुमारास सध्याची जागा घेतली. नव्याने आलेल्या कुलबांधवाला निवारा व काम मिळवून देणे, कुलदैवतांची व पूर्वजांची पूजा चालवणे, आपसांतील तंटे मिटवणे आणि मृतांचे अंत्यसंस्कार नीट पार पाडणे ही संस्थेची कामे होती. आपल्याकडील कुलमंडळाला जमीन, भाड्याची घरे, देऊळ आणि नाट्यगृह यांची जोड मिळाली असती, तर जे उभे राहिले असते त्याच्या जवळपास जाणारी ही रचना आहे.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी खू कोंगसी पाहिली. सोन्याचा मुलामा, रंग, छपरावरची चित्रे, सगळे इतके झळझळीत आहे की ते शंभर वर्षांपूर्वीचे वाटतच नाही. हा वारसा म्हणायचा की नवे बांधकाम? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर इमारतीच्या प्रत्येक भागासाठी वेगळे द्यावे लागते.

आज दिसणारी मुख्य वास्तू १९०६ मध्ये पूर्ण झाली. तिच्याआधी १८९४ मध्ये सुरू झालेली आणि बऱ्याच वर्षांच्या कामानंतर उभी राहिलेली अधिक भव्य वास्तू १९०१ मध्ये आगीत जळाली होती. ती सम्राटाच्या राजवाड्याशी स्पर्धा करू लागल्यामुळे देवांचा कोप झाला, असे लोक मानत, आणि म्हणून पुन्हा बांधताना तिचा आकार कमी करण्यात आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठे जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले व ते २००१ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी चीनमधून कारागीर आणले होते. आपण पाहिलेली झळाळी मुख्यतः या कामाची आहे.

छपरावरील माणसे, फुले, पक्षी आणि ड्रॅगन ज्या कलेने केलेले असतात तिला तेथे 'चिएन निएन' म्हणतात. तारेच्या सांगाड्यावर चुन्याच्या गिलाव्याने आकृती घडवायची, मुद्दाम भाजून घेतलेली रंगीत चिनी मातीची भांडी पकडीने कापून त्यांचे तुकडे करायचे, आणि ते खवल्यांसारखे एकेक करून ओल्या गिलाव्यात बसवायचे, अशी ही पद्धत आहे. उष्ण कटिबंधातील पाऊस, समुद्राची खारी हवा आणि आतील तारेला चढणारा गंज यांमुळे अशा आकृत्या काही दशकांत तडकतात, तुकडे गळतात आणि ते पुन्हा बसवावे लागतात. सोन्याचा वर्ख, दरवाज्यांवरील द्वारपालांची चित्रे आणि लाकडावरचे रंगही दक्षिण चिनी परंपरेत ठरावीक काळाने नव्याने करण्याची रीत आहे. धूप व उदबत्त्यांच्या काजळीने काळवंडलेली देवता तशीच ठेवणे भक्तांना कमीपणाचे वाटते. मूळ द्रव्याला शक्यतो हात न लावण्यावर भर देणाऱ्या, वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या काटेकोर चौकटीत हे सहज बसत नाही. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मात्र अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात करावा हे मान्य केले, आणि अशा वास्तूंसाठी मला तोच पाया योग्य वाटतो.

मात्र या सवलतीला मर्यादा आहे. वर्ख, रंग आणि तुकड्यांचे काम नव्याने करता येते, कारण ते करण्याचे कसब परंपरेत जिवंत आहे. तुळया, कोरीव लाकडी कंस, दगडी खांब, पूर्वजांची नावे असलेल्या पाट्या आणि देणगीदारांचे शिलालेख मात्र बदलण्याच्या यादीत येऊ नयेत. मुख्य दालनात कुलदैवतांचे मंदिर, एका बाजूच्या दालनात समृद्धीच्या देवतेची आणि दुसऱ्या बाजूच्या दालनात पूर्वजांच्या पाट्यांची स्थापना, ही मांडणीही तशीच राहायला हवी. पर्यटकांची वाट सोयीची व्हावी म्हणून ती हलवली, तर एकही वीट न फोडता वास्तूची मोडतोड झाली असे मी म्हणेन.

प्रश्न : माझे सासर चिनी आहे. सासरे एका लहान आडनाव-संस्थेचे चिटणीस आहेत. संस्थेचे दोन मजली दुकानघर आहे. खाली दुकान आणि वर पूर्वजांचे दालन. छप्पर गळते, भिंतींना ओल चढली आहे. कंत्राटदार सिमेंटचा गिलावा, फरश्या आणि मधल्या उघड्या चौकावर पत्रा घालायला सांगतो. मंडळातील वडीलधाऱ्यांना ते स्वस्त वाटते. त्यांना काय सांगावे? (एक वाचक, पिनांग)

उत्तर : सर्वप्रथम सासऱ्यांना एवढेच पटवा की करार करण्याआधी एक महिना थांबावे. त्या महिन्यात दालनाची मोजमापे घेऊन आराखडे काढावेत, प्रत्येक पाटी, फलक, वेदी आणि कोरीव भाग जागेवर असतानाच त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि कपाटांतील कागद बाहेर काढून पाहावेत. वंशावळीच्या वह्या, सभासदांच्या नोंदी, भाड्याचे हिशेब आणि देणग्यांच्या पावत्या यांना वाळवी व बुरशी इमारतीपेक्षा आधी खाते. माझ्या अनुभवात लहान संस्थांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते, कारण कामगार जागा रिकामी करतात तेव्हा जुने कागद रद्दीत जातात आणि नंतर कुणाचे नाव कुठल्या शाखेत होते हे सांगणारे कुणी उरत नाही.

आता कंत्राटदाराच्या सूचना. या इमारतींच्या विटा मऊ भाजणीच्या असतात आणि त्या चुन्यात बांधलेल्या असतात. जमिनीतून वर चढणारा ओलावा चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जातो. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओलाव्याचा बाहेरचा मार्ग बंद होतो, तो भिंतीतच वर वर चढतो, त्याबरोबर आलेले क्षार विटेच्या अंगात साठतात, आणि काही वर्षांत सिमेंट पोपडे धरून पडते तेव्हा आतली वीटही भुकटी होऊन त्याच्याबरोबर येते. तेव्हा सैल झालेला जुना गिलावा काढावा, भिंतीला वाळायला पुरेसा वेळ द्यावा आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा व वर चुन्याची सफेदी करावी. अभेद्य प्लास्टिकचा रंगही टाळावा. चुन्याचे काम पहिल्या बिलात महाग दिसते, म्हणून वडीलधाऱ्यांसमोर दोन्ही पद्धतींचा वीस वर्षांचा खर्च शेजारी शेजारी मांडून दाखवावा. व्यापारी माणसांना तो हिशेब लवकर समजतो.

मधला उघडा चौक हा घराचा श्वास आहे. लांब व अरुंद अशा दुकानघरात उजेड, वारा आणि गरम हवा बाहेर जाण्याची सोय तेथूनच होते. त्यावर पत्रा टाकून आत वातानुकूलन बसवले तर लाकडावर दव धरते आणि वाळवीला हवे ते सगळे मिळते. पावसाचे पाणी आत येणे हा दोष नाही; ते वाहून नेणारी मोरी तुंबणे हा दोष आहे. बऱ्याच घरांत ही मोरी नंतरच्या फरश्यांखाली गाडलेली सापडते. ती मोकळी केल्यावर निम्मी ओल आपोआप कमी होते, आणि त्या कामाला फारसा पैसाही लागत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा की छप्पर आणि पन्हाळी आधी, नंतर लाकूड, नंतर भिंती, आणि रंगकाम व सोन्याचा वर्ख सर्वांत शेवटी. देणगीदारांना वर्ख आधी हवा असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. येथे चिटणिसांनी ठाम राहावे. कुजलेल्या तुळईचा फक्त खराब भाग कापून त्याच जातीच्या पक्व लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. मलाया द्वीपकल्पात त्यासाठी चेंगाल हे कठीण लाकूड परंपरेने वापरले जाते. पूर्वजांच्या पाट्या हलवाव्या लागल्याच, तर शुभ दिवस पाहून, विधी करून आणि प्रत्येकीची जागा नोंदवून हलवाव्यात. ज्येष्ठ सभासदांचा विश्वास त्यामुळे टिकतो, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत त्यांची संमती लागणारच आहे. विजेच्या जुन्या तारा मात्र कुठलाही विधी न करता लगेच बदलाव्यात. उदबत्त्या, कागदी नैवेद्य जाळणे, वाळलेले लाकूड आणि उघड्या तारा यांचा संयोग काय करतो हे वेगळे सांगायला नको.

परवानगीशिवाय काम सुरू करू नये हेही सांगावे. जॉर्ज टाउनचा जागतिक वारसा क्षेत्रातील भाग विशेष आराखड्याखाली येतो, तेथील इमारतींची वर्गवारी झालेली आहे, आणि पिनांग राज्याचा २०११ चा वारसा कायदा लागू आहे. लहान संस्थांना ही प्रक्रिया जाचक वाटते, पण तिच्यामुळे कंत्राटदाराने केलेल्या मनमानीला लेखी आळा बसतो. जवळच पाहण्यासारखे उदाहरण हवे असल्यास चुलिया स्ट्रीटवरील तिओच्यू (ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या एका चिनी भाषिक गटाच्या) समाजाचे हान जियांग पूर्वज-मंदिर पाहावे. त्याच्या जीर्णोद्धाराला २००६ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मंडळातील वडीलधाऱ्यांना तेथे एकदा घेऊन जा. एक सकाळ तेथे काढल्यावर त्यांच्याशी बोलणे सोपे होईल.

प्रश्न : जॉर्ज टाउनमध्ये भाडेनियंत्रण उठवल्यावर जुन्या इमारती वाचल्या असे ऐकले. मग मुंबईतही तेच करावे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : अर्धी गोष्ट खरी आहे. मलेशियाचा १९६६ चा भाडेनियंत्रण कायदा १९९७ मध्ये रद्द करण्यात आला आणि संक्रमणाचा काळ संपून १९९९ च्या अखेरीस भाडेकरूंचे संरक्षण संपले. त्याआधी नाममात्र भाड्यामुळे मालकांना दुरुस्तीत रस नव्हता आणि इमारती मोडकळीस आल्या होत्या, हे निर्विवाद आहे. परंतु २००० सालापासून भाडी अनेक पटींनी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले कारागीर, लहान दुकानदार आणि वृद्ध रहिवासी शहराबाहेर गेले. २००८ च्या जुलैमध्ये जॉर्ज टाउन आणि मलाक्का यांची नावे जागतिक वारसा यादीत आली तेव्हा वस्ती आधीच विरळ झाली होती. त्यानंतर रिकाम्या घरांत हॉटेले आणि कॅफे आले.

कुलसंस्था या शहरातील मोठ्या जमीनमालकांपैकी आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या अगदी घरचा आहे. खू, चिया, यो, लिम आणि तान या पाच होक्कियन (फूजियान प्रांतातून आलेल्या) कुळांच्या वास्तूंभोवती त्यांच्याच मालकीच्या घरांच्या रांगा असत आणि त्यांत बहुधा कुळातलीच माणसे राहत. खू कोंगसीचे चिंचोळे प्रवेशमार्ग आणि आतला बंदिस्त चौक पाहिला की ही रचना संरक्षणासाठीही होती हे कळते. १८६७ च्या पिनांगच्या दंगलीत प्रतिस्पर्धी गुप्तमंडळे एकमेकांवर तुटून पडली तेव्हा तिचा उपयोग झाला. त्या चौकाच्या 'कॅनन स्क्वेअर' या नावातील 'कॅनन' म्हणजे तोफ ही त्याच दंगलीची खूण आहे. अशा वस्तीतून माणसे गेली आणि भिंती दुरुस्त झाल्या, तर वाचले काय, हा प्रश्न तेथील अभ्यासकही विचारतात. महाराष्ट्राचा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी, म्हणजे मलेशियातील संरक्षण संपल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी लागू झाला आणि त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी कायम ठेवले. दोन शहरांनी एकाच सुमारास दोन वेगळे मार्ग घेतले, आणि दोन्हीकडे इमारती व रहिवासी यांपैकी कुणीतरी किंमत मोजली. भाडे टप्प्याटप्प्याने वाढवणे, वाढीव रकमेचा ठरावीक भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवणे आणि जुन्या रहिवाशांना परत येण्याचा लेखी हक्क देणे, हा मधला मार्ग आहे. जमीन कुळाच्याच मालकीची असल्यामुळे कुलसंस्थांना तो खासगी मालकापेक्षा सोपा जावा. त्यांनी तो फारसा वापरला नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : भारतात अशा वास्तू आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहेत, पण त्या बहुधा एका आडनावाच्या नसून एका मूळ प्रदेशाच्या लोकांच्या आहेत. कोलकात्याच्या टिरेटा बाजार परिसरातील सी इप, तुंग ऑन आणि नाम सून या मंदिर-संस्था त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. स्थानिक लोक त्यांना 'चर्च' म्हणतात. मुंबईत माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर सी यिप कून हे मंदिर आहे. ग्वांगडोंग प्रांतातील चार जिल्ह्यांतून आलेल्या लोकांनी १९१९ मध्ये ते उभारले आणि तेथे क्वान कुंग या योद्धा-देवतेची पूजा होते. १९६२ च्या युद्धानंतर अनेक भारतीय चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले, बरेच जण देश सोडून गेले आणि मुंबईतील समाज लहान होत गेला. त्यामुळे येथील अडचण पिनांगपेक्षा वेगळी आहे. तेथे गर्दी आणि पैसा आवरायचा आहे, तर येथे दिवाबत्ती करणारी माणसे मोजकी आहेत. चिनी नववर्षाला पाहुण्यांची गर्दी होते, एरवी शांतता असते. आपण गेलात तर आधी राखणदारांची परवानगी घ्यावी, वेदीची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत आणि दानपेटीत काहीतरी ठेवावे.