आल्प्सला खुशाल जा, पण आधी तो हप्ता थांबवा

पत्र थोडक्यात असं: ‘मी ५७ वर्षांचा, पत्नी ५४ ची. पुण्यात स्वतःचं घर, कर्ज नाही, मुलगी मार्गी लागली. पुढच्या वर्षी डिसेंबरात मी खासगी कंपनीतून निवृत्त होईन. दोघांनाही सह्याद्रीची चटक आहे. त्याच वर्षी जुलैत आल्प्समधला टूर द्यू माँ ब्लाँ हा ट्रेक गाईडबरोबर करायचा म्हणतोय. टूर कंपनी दोघांचे मिळून ९ लाख सांगते. एफडी मोडू, म्युच्युअल फंड विकू, की त्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? की तीन वर्षं थांबून फंडाच्या नफ्यात फुकट जाऊ? फंड मला १५ टक्के देतोच. पीएफ ८० लाख, फंड ४५, एफडी १५, पीपीएफ १५. घरखर्च महिना ७५ हजार. याशिवाय बँकेतून घेतलेली गॅरंटीड इन्कम पॉलिसी आहे, वर्षाला ४ लाखांची. दोन हप्ते भरलेत. तिची काळजी नाही.’

काळजी फक्त तिचीच आहे. पण तुम्ही विचारलंय ते आधी उरकतो.

एफडी मोडा. १५ लाखांतले ९ गेले तरी ६ लाख उरतात, म्हणजे आठ महिन्यांचा घरखर्च. नोकरी चालू असताना तेवढे पुरे. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज किमतीत मुरवलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी. तेच ९ लाख एकरकमी देतो म्हणा आणि किती कमी करता ते विचारा, म्हणजे ‘नो-कॉस्ट’ची कॉस्ट लगेच कळेल.

आणि फुकट जाण्याचं म्हणाल, तर ९ लाखांवर तीन वर्षं खरंच १५ टक्के मिळाले तरी पावणेचौदा होतात. नफा पावणेपाच लाखांचा, त्यातून कर जाणार. तोवर ट्रेकचा भावही ११ लाखांच्या आसपास गेलेला असेल. यात फुकट काय झालं? तीन वर्षांत बाजार पडला असेल तर तेवढंही नाही. शेअर बाजाराच्या फंडाचा मागच्या पाच वर्षांचा आकडा पुढच्या तीन वर्षांना चिकटवायचा नसतो. तुमच्या वयाला मी सगळ्या पैशांचा मिळून ८ टक्क्यांहून जास्त परतावा धरतच नाही. आणि साठीतल्या गुडघ्यांचा परतावा तर कोणीच गॅरंटीड देत नाही. जायचं तर पुढच्या वर्षीच्या जुलैतच जा.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये माहितीपत्रकाच्या मागे पेनाने लिहिलेलं दिसतंय: ‘४० भरा, ७५ घ्या, १२.५%’. त्या साडेबारावर दोनदा गोल केलाय. हा आकडा कसा काढला ते सांगतो. दहा वर्षं ४ लाख भरायचे, एकूण ४० लाख. पहिल्या हप्त्यापासून बारा वर्षं झाली की दरवर्षी ५ लाख, असे पंधरा वेळा. ५ भागिले ४०, साडेबारा टक्के. आधी बारा वर्षं पैसे अडकलेत हे हिशोबात नाही, आणि शेवटी मूळ ४० लाख परत येत नाहीत हेही नाही. प्रत्येक हप्ता आणि प्रत्येक मिळकत आपापल्या वर्षात मांडली, तर वार्षिक परतावा येतो साडेचार टक्के. तो साधी एफडीही देते, आणि तीसुद्धा सव्वीस वर्षं न थांबवता.

‘पण करमुक्त आहे ना?’ आहे. एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला की ती सवलत जाते, त्यामुळे विकणारे ५ च्या आतलेच आकडे सुचवतात. पण निवृत्तीनंतर तुमचं व्याजाचं उत्पन्न १२ लाखांच्या आतच राहणार, आणि नव्या करप्रणालीत तेवढ्यावर आज तसाही कर लागत नाही. जो कर तुम्हाला भरायचाच नाही, तो वाचवायला तुम्ही परताव्यावर पाणी सोडताय.

तरीही साडेचार टक्के ही या पॉलिसीतली मोठी चूक नाही. कमी परताव्याने माणूस बुडत नाही. मोठी चूक तारखांची आहे. पॉलिसी मार्चमधली, म्हणजे शाखेच्या टार्गेटच्या महिन्यातली. तिसरा हप्ता येत्या मार्चमध्ये. डिसेंबरात पगार बंद. त्यानंतरही सात हप्ते शिल्लक, २८ लाख! तुमच्या प्रस्ताव अर्जाच्या झेरॉक्सवर वार्षिक उत्पन्न नीट भरलंय. निवृत्ती कधी, याचा उल्लेख नाही. पगार तीन वर्षांच्या आत थांबणार असलेल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकला गेला, आणि पहिला पैसा हातात येणार वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. निवृत्तीच्या पहिल्या दहा वर्षांत, पाय चालत असताना, ही ‘इन्कम’ पॉलिसी फक्त घेणार आहे.

हिशोब मांडू. ग्रॅच्युइटी आणि तोवरची बचत धरून निवृत्तीच्या दिवशी तुमच्याकडे साधारण १.७ कोटी असतील. खर्च वर्षाला ९ लाख, म्हणजे पुंजीच्या सव्वापाच टक्के. जमेल, हात आखडून नाही पण मोजून. त्यात ४ लाखांचा हप्ता घाला: १३ लाख, साडेसात टक्क्यांच्या वर. आठ टक्के कमावणाऱ्या पुंजीतून एवढे काढले तर महागाईसाठी काही उरत नाही. ९ लाखांचा ट्रेक एकदा होतो आणि संपतो. तुम्ही त्याच्यावर चार परिच्छेद लिहिलेत आणि ३२ लाखांच्या उरलेल्या हप्त्यांवर दोन ओळी.

मग करायचं काय? भरलेले ८ लाख वसूल करायचे म्हणून आणखी ३२ भरू नका. इथून पुढच्या पैशांचा वेगळा हिशोब केला तरी परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास अडतो. तुमच्यासमोर रस्ते दोन: सरेंडर किंवा पेड-अप. सरेंडर म्हणजे पॉलिसी बंद करून कंपनी देईल ती रक्कम घेणं. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी छोट्या रकमेवर चालू. दहापैकी दोन हप्ते भरलेत, तर वर्षाला ५ ऐवजी साधारण १ लाख, अडुसष्टाव्या वर्षापासून पंधरा वर्षं. सरेंडरला दुसऱ्या वर्षाची किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे २.४ लाख. पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे विशेष सरेंडर मूल्य (पुढच्या लाभांची आजची किंमत काढून ठरणारी रक्कम) पूर्वीसारखं केविलवाणं राहिलेलं नाही. तुमचं साडेचार लाखांच्या आसपास निघावं. कंपनीकडून दोन्ही आकडे मागवा. सरेंडरचे साडेचार किंवा जास्त मिळत असतील तर घ्या आणि मोकळे व्हा. अडीच-तीनच सांगत असतील तर पेड-अप ठेवा; तीन लाख आज सोडून नंतर पंधरा वर्षं लाख-लाख मिळणं हा वाईट सौदा नाही. विमाकवच जाईल, जाऊ दे. मुलगी कमावती, घर फिटलेलं. तुमच्यामागे विम्यावर अवलंबून कोणी राहत नाही, पत्नीसाठी पुंजी आहे.

‘फसवून विकलं’ म्हणून आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फार आशा ठेवू नका. लाभाच्या तक्त्यावर तुमची सही आहे आणि त्यात साडेबारा टक्के कुठेच छापलेले नाहीत. पेनाने लिहिलेलं ते पान मात्र जपून ठेवा.

हप्ता थांबला की दोन मार्च मिळून ८ लाख तुमच्याकडेच राहतात. मोडलेली एफडी जवळजवळ तिथेच भरून निघते. निवृत्तीची रक्कम हातात आली की तिच्यातले ३० लाखांपर्यंत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातील. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी. सेवानिवृत्तीच्या पैशांसाठी साठीची वाट बघावी लागत नाही, पण रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडा.

आरोग्य विम्याबद्दल तुम्ही फक्त ‘कंपनीचा आहे’ एवढंच लिहिलंय. तो डिसेंबरात जाईल. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा स्वतःची पॉलिसी आजच घ्या आणि गोळी लपवू नका. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यातली जेवढी वर्षं पगारावर असताना सरतील तेवढं बरं.

आता ट्रेकचे ९ लाख. युरोचे शंभर रुपये धरतोय, बँकेत जास्तच पडतील. ट्रेक सुमारे १७० किलोमीटरचा, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा फिरून परत फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्यात. एकूण चढ दहा हजार मीटरच्या घरात. बारी गावातून कळसूबाई म्हणजे साधारण नऊशे मीटर. तेव्हा दहा-अकरा दिवसांत अकरा कळसूबाई, रोज उतरण्यासकट. उंची मात्र २७०० मीटरच्या आतच राहते, विरळ हवेचा त्रास सहसा नाही. रात्री डोंगरातल्या झोपड्यांमध्ये काढायच्या, फ्रेंच त्यांना रेफ्यूज म्हणतात, इटालियन रिफूजो. बूट दारातच काढायचे, एका हॉलमध्ये ओळीने गाद्या, आपली चादरीसारखी पातळ झोपपिशवी आपण न्यायची, गरम पाण्याला कुठे कुठे टोकन. रात्रीचं जेवण नि नाश्ता धरून माणशी ७० ते ८० युरो. दहा रात्री, दुपारचा डबा धरून, लाखभर रुपये.

गाईडसह हाच ट्रेक २५०० युरोंच्या आसपास पडतो, म्हणजे गाईड, बुकिंग आणि सामानाची गाडी यांचे माणशी दीड लाख. विमान ७५ हजार, व्हिसा-विमा १५, आधी-नंतरची हॉटेलं ४०. झाले ३.८ लाख. तुम्हाला साडेचार सांगताहेत. ७० हजारांचं काय, हे त्यांना विचारा. वाट इतकी ठळक खुणांची आहे की पुष्कळ लोक गाईडशिवाय जातात. नुसतं बुकिंग करून देणारी एजन्सी घेतली तर दोघांचे मिळून दोन लाख सहज वाचतील. पण कोल द्यू बोनॉम या खिंडीत धुकं उतरलं किंवा जुलैतही बर्फ उरला असला, तर वाट ठाऊक असलेला माणूस लागतो. हा खर्च तुमच्या आवाक्यात आहे, मी तो कापणार नाही. बुकिंग मात्र आदल्या वर्षीच्या शरदातच करा. इटलीतल्या बोनात्तीसारख्या नावाजलेल्या झोपड्या लवकर भरतात.

शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो, तो सगळेच विकतात. त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा; पुष्कळ पॉलिसींमध्ये ट्रेकिंग किंवा डोंगरातली सुटका वगळलेली असते. फ्रान्समध्ये डोंगरातून उचलून आणायला सहसा पैसे पडत नाहीत. ग्राँ कोल फेरे ही खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरलात आणि पाय मुरगळला, तर हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येतं.

पहिलं काम याच आठवड्यातलं: विमा कंपनीला ईमेल करून सरेंडर मूल्य आणि पेड-अप रक्कम, दोन्ही मागवा, आणि मार्चच्या आत बँकेतून हप्त्याचं ऑटो-डेबिट रद्द करा. शाखेतून फोन येईलच, ‘साहेब, तीनच वर्षं भरा, मग बघू’. आकडे लेखी आले की मला पाठवा, फोनवर सांगितलेले नकोत.