वाचकांचे प्रश्न : मानस म्हणजे मन नव्हे

प्रश्न : मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. तिसरीला गणित समजावून देत असताना चौथीच्या मुलांना कोणते काम द्यावे, हा माझा रोजचा प्रश्न आहे. एआय साहाय्यकाचा यात खरोखर उपयोग होतो का, की त्याच्याशी झटापट करण्यातच वेळ जातो?
— एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : उपयोग होतो, मात्र तो किती व्हावा, हे आपण त्याच्या हाती काय देता यावर ठरते. ‘परिसर अभ्यासावर प्रश्न काढ’ एवढेच सांगितले, तर कोणत्याही राज्यात कोणत्याही इयत्तेला चालतील असे गुळमुळीत प्रश्न मिळतात. त्याऐवजी पाठातील उतारा टंकून द्यावा, किंवा पानाचा फोटो द्यावा (फोटो तो बहुधा वाचतो, पण जोडाक्षरे नीट उतरली आहेत ना, हे पाहून घ्यावे). मग त्याला असे सांगावे : ‘चौथीची मुले हे काम पंधरा मिनिटे कोणालाही न विचारता करणार आहेत. तीन प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात सरळ सापडावीत, दोन प्रश्नांना थोडा विचार करावा लागावा, उताऱ्याबाहेरचे काहीही विचारू नये आणि उत्तरे शेवटी वेगळी द्यावीत.’ वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी तोच उतारा लहान वाक्यांत मागून घेता येतो. हे काम आपण हातानेही करता, पण त्यात अख्खी संध्याकाळ जाते.

‘उताऱ्याबाहेरचे काहीही विचारू नये’ ही अट मी अनुभवाने घालू लागलो. मध्यंतरी मी अशाच एका साहाय्यकाला खाजन शेतीवर (नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीवर) मुलांसाठी दहा ओळी लिहायला सांगितल्या आणि त्यांत बांध व मानस (बांधातले पाण्याचे दार) यांचा उल्लेख हवा, असे बजावले. भाषा सफाईदार होती. परंतु ‘मानस’ म्हणजे मन असे समजून त्याने, खाजनातला शेतकरी आपल्या मानसाची दारे उघडून निसर्गाशी एकरूप होतो, असे वाक्य लिहून दिले! भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटी लागली की आतले पाणी नदीत सोडणारी ती लाकडी दारे तिसवाडीतल्या एखाद्या मुलाने आजोबांचे बोट धरून पाहिलेली असतात. त्याच्यापुढे हे वाक्य वाचणाऱ्या शिक्षकाची काय पत राहील?

चूक का झाली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. हे साहाय्यक प्रचंड लेखी मजकुरावर तयार झालेले असतात आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या अंदाजाने वाक्ये रचतात. ज्या विषयावर मजकूर थोडा, तिथे अंदाज चुकतो. पण सांगण्यातला ठामपणा मात्र तसूभरही कमी होत नाही. म्हणून मी मानस, बांध आणि खारे पाणी सोसणारे कोरगुट भात यांवर स्वतः चार वाक्ये लिहून दिली आणि ‘एवढ्यावरूनच लिही’ असे सांगितले. या वेळचा उतारा दोन शब्द बदलून वापरण्याजोगा निघाला. स्थानिक माहिती आपण पुरवावी आणि मांडणी त्याच्याकडून करून घ्यावी, ही वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते.

त्याच्या मराठीत हिंदीची छटा डोकावते, तीही वेळीच पुसावी. ‘उपक्रम’ हवा तिथे ‘गतिविधी’ येते आणि ‘प्रयत्न’ हवा तिथे ‘प्रयास’. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांसाठी कोकणी प्रतिशब्द मागितले, तर अधिकच जपावे लागते, कारण मुळात कमी असलेला कोकणी मजकूर देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत विखुरलेला आहे. गणितासाठी मात्र म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फेरीबोट किंवा डझनावारी विकले जाणारे मानकुराद आंबे असे संदर्भ द्यावेत. उदाहरणे भराभर मिळतात. प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून मगच फळ्यावर लिहावे.

प्रश्न : नववीच्या चाळीस निबंधांचे फोटो काढून एआयकडून तपासून घेतले तर चालेल का?
— एक शिक्षक, फोंडा

उत्तर : गुण देण्यासाठी तरी नको. मुलांचे देवनागरी हस्ताक्षर वाचताना तो चुकतो, आणि तोच निबंध दुसऱ्यांदा दिला तर गुण बदलू शकतात. शिवाय वहीवर नाव, हजेरी क्रमांक आणि शाळा लिहिलेली असते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या केंद्रीय कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. तेव्हा मुलांची नावे आणि फोटो त्यात घालूच नयेत. निबंध आपणच तपासावेत, वारंवार दिसलेल्या चुका कागदावर टिपाव्यात (ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती प्रत्यय, मध्येच तुटलेले परिच्छेद) आणि त्या चुकांवर सरावाची वीस वाक्ये त्याच्याकडून मागवावीत.

प्रश्न : मुलेच गृहपाठ यंत्राकडून लिहून आणू लागली आहेत. हे ओळखणारे काही साधन आहे का?
— एक मुख्याध्यापिका, डिचोली

उत्तर : अशी साधने आहेत, परंतु ती मुलाने स्वतः लिहिलेल्या मजकुरावरही बोट ठेवतात, त्यामुळे केवळ त्यांच्या निकालावर मुलाला शिक्षा करू नये. विषय बदलून पाहावा. ‘पावसाळा’ हा निबंध यंत्र डोळे मिटून लिहील. ‘चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीला) आमच्या घरी काय काय बांधले आणि ते कोणी कुठून आणले’ हे मुलालाच ठाऊक असते. तरीही शंका आली, तर वही मिटून त्यातला एक परिच्छेद तोंडी सांगायला लावावा आणि एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा.