जर्नल कोरं, कपाट लख्ख

"मॅडम, आळस सोडला तर याला दुसरं काही झालेलं नाही." समुपदेशनासाठी मुलाला घेऊन आलेल्या आईनं खुर्चीत टेकायच्या आधीच निदान सांगून टाकलं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिलेले (एटीकेटी), जर्नल म्हणजे प्रयोगांची वही सर्टिफाय व्हायची बाकी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"काल जर्नल सोडून काय केलंस?" मी त्याला विचारलं.

"कपाट आवरलं. मग मिक्सरचं बटण दुरुस्त केलं."

आळशी माणूस सबमिशनच्या तोंडावर मिक्सर खोलून बसत नाही. झोप, भूक, लहानपणापासूनची एकाग्रता, सगळं विचारून झालं. काळजीचं काही नव्हतं. मग म्हटलं, "जर्नल उघडलं की काय होतं?"

"पोटात गोळा येतो. गेल्या सेमिस्टरला सगळ्या वर्गासमोर बोलणी खाल्ली होती. वही मिटली की बरं वाटतं."

गोम त्या 'बरं वाटतं'मध्ये होती. चालढकल म्हणजे वेळेचं नव्हे, तर मनःस्थितीचं नियोजन, असं सिरोइस आणि पिचिल या अभ्यासकांनी 2013 मध्ये मांडलं. सुटका आत्ता मिळते, भुर्दंड पुढच्या आठवड्यातल्या आपल्यावर पडतो. म्हणून मी वेळापत्रक दिलं नाही. त्याच्याकडे रंगीत पेनांनी आखलेली चार होतीच!

आधी झालेल्या चुकीबद्दल स्वतःला माफ कर, म्हटल्यावर आई उसळल्या, "अजून शेफारेल!" कॅनडात पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांवर झालेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यांना सांगितला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल करून स्वतःला माफ केलेल्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आईंना फारसं पटलं नाही, ते दिसत होतं.

ठरलं एवढंच: रात्री जेवणाचं ताट उचललं की त्याच टेबलावर जर्नल उघडायचं आणि एका प्रयोगाची आकृती काढायची. पुढे लिहावंसं वाटलं तर लिहायचं, नाहीतर उठायचं. मोबाईल स्वयंपाकघरात. आणि आईंनी "झालं का?" विचारायचं नाही. यातलं सगळ्यात अवघड काम त्यांचंच होतं.

दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस कोरे गेले. तो मान खाली घालून आला. मी चौथ्या दिवसाची आकृती बघायला मागितली. जर्नल उशिरा, पण सर्टिफाय झालं. एक विषय सुटला, एक अजून आहे.

"आता मी काही विचारत नाही हो," आई परवा म्हणाल्या. "फक्त दोनदा पाणी नेऊन ठेवते."