बंगळुरूच्या तीन दिवसांच्या परिषदेला पाच जणांच्या टीमने जायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपूरच्या आयटी पार्कमधील तुमच्या कंपनीने प्रथमच पाच जणांना बंगळुरूच्या तीन दिवसांच्या डेव्हलपर परिषदेला पाठवायचे ठरवले आहे. त्यांपैकी एक जण गेल्याच वर्षी कॉलेजमधून बाहेर पडलेला आहे, आणि परत आल्यावर सर्व कर्मचाऱ्यांसमोर सादरीकरण करावे अशी व्यवस्थापकांची अट आहे. तेव्हा पाचही जणांनी सर्व सत्रांना एकत्र बसावे की वेगवेगळे, आणि एवढा खर्च सार्थकी कसा लावावा, हे तुम्हाला हवे आहे. मी अशा परिषदांना टीमबरोबरही गेलो आहे आणि एकटाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवसा वेगळे बसावे आणि रात्री एकत्र यावे, हे माझे उत्तर. बहुतेक मोठ्या परिषदांची मुख्य सत्रे काही आठवड्यांत यूट्यूबवर येतात, आणि जे सत्र नागपुरात बसून दीडपट वेगाने ऐकता येणार आहे त्यासाठी पाच विमान तिकिटे काढण्यात काही हशील नाही. सत्र संपल्यावर वक्त्याभोवती जमणारे कोंडाळे, कार्यशाळेत शेजाऱ्याच्या स्क्रीनवर दिसलेली युक्ती, चहाच्या वेळी एखाद्याने सहज सांगितलेली त्याच्या कंपनीतली फजिती, यांतले काहीच रेकॉर्ड होत नाही. प्रत्यक्ष जायचे ते यासाठी. पुण्या-बंगळुरूच्या माणसाला हे मीटअपच्या निमित्ताने अधूनमधून मिळत असते. आपल्याकडेही मीटअप होतात, परंतु एखाद्याच विषयात मुरलेली आठ-दहा माणसे एका खोलीत सापडणे नागपुरात अजून दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच आपल्याकडच्या टीमने तेथे जाऊन आपापसातच बोलत बसणे अधिक महागात पडते.

खरी तयारी निघण्यापूर्वी होते. आठवडाभर आधी पाचही जणांनी कार्यालयात न बसता आयटी पार्कच्या रस्त्यावरच्या एखाद्या टपरीवर अर्धा तास बसावे आणि प्रत्येकाने आपल्या चालू कामातला, अडलेला असा एक प्रश्न लिहून काढावा. ‘मायक्रोसर्व्हिसेसबद्दल अधिक जाणून घ्यायचे आहे’ हा असा प्रश्न नव्हे, कारण त्याचे उत्तर कोणीही देऊ शकतो आणि ते कोणाच्याच कामाचे नसते. आमच्या एका सहकाऱ्याने नेलेला प्रश्न उदाहरणादाखल सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एका मोठ्या टेबलात नवा कॉलम घालणारे मायग्रेशन, म्हणजे रचना बदलणारी स्क्रिप्ट, चाचणीच्या सर्व्हरवर क्षणात पूर्ण होत असे, पण प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, चालवले की संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन काही काळ ठप्प होई. त्याने पोस्टग्रेसची आवृत्ती, टेबलाचा आकार, चालवलेली कमांड आणि त्या वेळचा लॉग हे सर्व एका कागदावर उतरवून नेले होते. डेटाबेसवरच्या सत्रात लॉकचा, म्हणजे एका कामाने टेबल धरून ठेवल्यावर इतरांना थांबावे लागते त्याचा, विषय ओझरताच येऊन गेला. सत्रानंतर तो कागद घेऊन वक्त्यांकडे गेला, तेव्हा त्यांनी कॉलमबद्दल काहीच विचारले नाही. त्या टेबलावर त्याच वेळी एखादी लांबलेली क्वेरी, म्हणजे डेटाची मागणी, चालू होती का, एवढेच विचारले. ती होती, रिपोर्टची.

पुढचे स्पष्टीकरण पाच मिनिटांत झाले. कॉलम घालणाऱ्या आल्टर टेबल या कमांडला टेबलावरचा सर्वांत कडक, म्हणजे अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो. २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्ट (आपोआप भरली जाणारी ठरलेली किंमत) असलेला कॉलम घालताना सगळे टेबल नव्याने लिहावे लागत नाही, त्यामुळे ते काम स्वतः क्षणाचेच असते. परंतु आधीची रिपोर्टची क्वेरी टेबल धरून बसली असेल, तर आल्टर टेबल तिच्यामागे थांबते आणि नंतर येणारी, नुसता डेटा वाचणारी साधी सिलेक्ट क्वेरीसुद्धा आल्टर टेबलच्या मागे रांगेत अडकते. चाचणीच्या सर्व्हरवर रिपोर्ट कोणी काढत नसल्यामुळे हे तेथे कधीच दिसले नसते. मायग्रेशनच्या आरंभी लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकची वाट पाहण्याची मर्यादा, दोन-तीन सेकंदांचा ठेवावा, लॉक न मिळाल्यास माघार घ्यावी आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, एवढाच उपाय होता. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात यातले बहुतेक सगळे लिहिलेले आहे. कोणते पान उघडायचे हे आम्हाला ठाऊक नव्हते. तुमच्या पाच जणांचे पाच प्रश्न या तयारीचे असतील, तर सत्रे कशी वाटून घ्यायची हा वाद आपोआप मिटतो, कारण ज्याचा प्रश्न ज्या विषयातला, तो त्या सभागृहात बसतो.

वेळापत्रक पाहताना शीर्षकांवर जाऊ नये. सारांश वाचावा, वक्त्याचे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे काम किंवा जुने व्याख्यान पाहावे, आणि त्या व्यक्तीने ती गोष्ट स्वतः चालवली, मोडली आणि दुरुस्त केली आहे का, याचा अंदाज घ्यावा. माझ्या मते ‘आम्ही आमची प्रणाली कशी वेगवान केली’ या प्रकारच्या सत्रांपेक्षा ‘आमची प्रणाली कशी कोसळली’ या प्रकारच्या सत्रांतून कितीतरी जास्त हाती लागते. प्रायोजक कंपन्यांची सत्रे सरसकट टाळावीत असे नाही, पण वेळापत्रकात ती कोणती आहेत हे आधीच हेरून ठेवावे. बीजभाषणाला मात्र सगळ्यांनी एकत्र बसायला हरकत नाही. त्या वेळी समांतर काही नसतेच.

कार्यशाळांची नोंदणी बहुधा वेगळी असते आणि जागा लवकर भरतात, म्हणून तिकिटाबरोबरच तीही पाहून घ्यावी. लागणारे सॉफ्टवेअर, डॉकर इमेज (सॉफ्टवेअरचा तयार गठ्ठा) आणि डेटा नागपूरहून निघण्यापूर्वीच उतरवून ठेवावा. शेकडो लॅपटॉप एकाच वायफायवर आल्यावर ते रांगायला लागते आणि कार्यशाळेचा पहिला तास डाउनलोडची पट्टी पाहण्यात जातो.

सत्र निरुपयोगी निघाले तर उठून जावे. १९८५ मध्ये हॅरिसन ओवेन यांनी ‘ओपन स्पेस’ पद्धतीच्या सभा सुरू केल्या. त्यांतला ‘दोन पायांचा नियम’ हेच सांगतो, की जेथे आपल्याला काही मिळत नाही आणि आपल्याकडूनही काही भर पडत नाही, तेथून चालत दुसरीकडे जावे. आपल्याकडे व्याख्यानातून मध्येच उठणे उद्धटपणाचे समजले जाते, म्हणून मी मागच्या बाजूला, रांगेच्या टोकाची खुर्ची धरतो.

आता मधल्या वेळेबद्दल. एकाच कंपनीचे, एकसारखे टी-शर्ट घातलेले पाच जण मराठीत गप्पा मारत गोल करून उभे राहिले, तर तिसऱ्या दिवसापर्यंतही त्यांच्याशी बोलायला कोणी येत नाही. सॉफ्टवेअरचे दस्तऐवज प्रकाशित करणाऱ्या रीड द डॉक्स या संकेतस्थळाचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी यावर ‘पॅक-मॅनचा नियम’ सुचवला आहे : घोळक्यात उभे राहताना, त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडाच्या पॅक-मॅनप्रमाणे, एका माणसापुरती जागा मोकळी सोडावी, म्हणजे नवख्याला आत येता येते. नियम साधा आहे आणि तो लागू पडतो. त्याला माझी एक जोड आहे : दुपारच्या जेवणाला एका टेबलावर आपले दोघांपेक्षा जास्त जण नकोत.

नवीन सहकाऱ्याला पहिल्या दिवशी सकाळी एखाद्या ज्येष्ठाने सोबत घ्यावे आणि दुपारनंतर मोकळे सोडावे. इंग्रजी बोलण्याचा संकोच हा आपल्या भागातल्या मुलांचा मोठा अडसर असतो, आणि बंगळुरूच्या अशा परिषदेत पुष्कळ संभाषण हिंदीतही चालते हे त्याला तेथे गेल्यावरच कळते. शक्य असल्यास त्याला लाइटनिंग टॉक या छोट्या भाषणासाठी नाव द्यायला लावा. पाच मिनिटांच्या या भाषणांची प्रथा या नावाने २००० मध्ये पर्ल भाषेच्या परिषदेत सुरू झाली आणि पुढे बहुतेक परिषदांनी ती उचलली. अनेक ठिकाणी नाव त्याच दिवशी फलकावर लिहिता येते. विषय लहानच हवा. ‘नागपूर’ हा शब्द पायथॉन भाषेतल्या, लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला दिला, तर काना आणि ऊकार वेगळे मोजले जाऊन उत्तर ६ येते, आपण अक्षरे ४ मोजतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत त्याच शब्दाला १८ बाइट लागतात; तो शब्द उलटा केला की काना आणि ऊकार भलत्याच अक्षरांना चिकटतात. एवढ्यावर पाच मिनिटे सहज भरतात, आणि देवनागरी नावांच्या फॉर्ममध्ये अक्षरमर्यादा घालणारे किमान दोन जण नंतर त्याला शोधत येतात.

बोलण्याच्या भरात गोपनीयतेचा करार विसरू नये. ग्राहकाचे नाव, त्यांच्या प्रणालीतील त्रुटी आणि व्यवहारांचे आकडे न सांगताही वर सांगितलेला लॉकचा प्रश्न पूर्ण विचारता येतो. कोणते तपशील सांगायचे नाहीत हे टपरीवरच्या बैठकीतच ठरवून घ्या. प्रायोजकांच्या स्टॉलवर पिशवी आणि स्टिकरच्या बदल्यात तुमच्या बिल्ल्यावरचा कोड स्कॅन केला जातो, आणि पुढे कित्येक महिने फोन येत राहतात. तेथे कोणता ईमेल द्यायचा, तेही ठरलेले बरे. त्याच स्टॉलवर नोकरभरतीही चालते. यावर व्यवस्थापक धास्तावतात खरे, पण ज्याला जायचे आहे तो नागपुरात बसूनही जातोच.

रात्रीची बैठक लांबवू नये, अर्धा तास पुरे. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात : आपल्या कोडला थेट लागू पडेल असे आज काय ऐकले, आणि ऐकलेल्यांपैकी कशावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या प्रश्नावर वाद होतात आणि तेच हवे असते, कारण मंचावर आकर्षक वाटलेली पुष्कळशी तंत्रे आपल्याहून कितीतरी पट मोठ्या व्यापासाठी घडवलेली असतात. टिपणे एकाच सामायिक फाइलमध्ये त्याच रात्री टाकावीत. दुसऱ्या दिवशी कोण कोठे बसणार हेही याच बैठकीत बदलता येते.

पाचही जण एकाच टीमचे असतील, तर त्या तीन दिवसांत प्रॉडक्शन कोण सांभाळणार हे लेखी ठरवा. मागे राहिलेल्यांना आवश्यक परवानग्या आधीच देऊन ठेवाव्यात आणि निघण्याच्या दोन दिवस आधीपासून नवे रिलीज बंद करावे. तरीही अडचण आलीच, तर तुमच्यापैकी रोज एकानेच फोन घ्यावा. पाचही जण कार्यशाळेत लॅपटॉप उघडून तोच बिघाड शोधत बसल्याचे मी पाहिले आहे.

आदल्या संध्याकाळी पोहोचा, म्हणजे सकाळच्या नोंदणीच्या रांगेत पहिले सत्र जात नाही, आणि शेवटच्या दिवशी स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याची सत्रे, असतील तर दुपारचे विमान घेऊ नका. ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) प्रकल्पाचा सांभाळ करणाऱ्या मेंटेनरशेजारी बसून पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवण्याची संधी त्या दिवशीच असते. हॉटेल कार्यक्रमस्थळापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावे. लांबचे स्वस्त हॉटेल घेऊन वाचवलेले पैसे बंगळुरूच्या वाहतुकीतच जातात. हिशेबाचीही एक गोष्ट लेखा विभागाच्या कानावर घाला : कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क आणि हॉटेल यांच्यासाठी जीएसटीत ‘पुरवठ्याचे स्थान’ म्हणून ते जेथे आहे तेच राज्य धरले जाते, त्यामुळे कर्नाटकाचा कर लागतो आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला सामान्यतः त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. खर्चाचा अंदाज करासकट मंजूर करून घेतलेला बरा.

राहिले व्यवस्थापकांचे सादरीकरण. पाच जणांनी ऐकलेल्या सर्व सत्रांचा गोषवारा एका तासात ऐकवला, तर सभागृहातील निम्मे लोक मोबाइल काढतात. त्याऐवजी त्यांना असा प्रस्ताव द्या की प्रत्येक जण आपल्या प्रश्नावर मिळालेले उत्तर प्रथम आपल्याच कोडमध्ये वापरून पाहील, आणि परतल्यानंतर तीन आठवड्यांनी आधीचे व नंतरचे आकडे घेऊन दहा-दहा मिनिटे बोलेल. जे जमले नाही तेही त्यात येईल. या कामासाठी प्रत्येकाला दोन मोकळे दिवस आणि त्या बैठकीची तारीख हे दोन्ही निघण्यापूर्वीच कॅलेंडरवर घालून घ्या, कारण परत आल्यावरचा पहिला आठवडा साचलेली कामे उपसण्यातच जातो.