आधी मजुरी विचार

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि रात्री झोपच लागेना. सर्व्हेला गेलास आणि दोन दिवसांत बागायतदारांचीच भाषा बोलायला लागलास, लाडकी बहीणचे पैसे आले नि बाया कापूस वेचायला येईनात, बेसिक इन्कम, म्हणजे सगळ्यांनाच दरमहा ठरावीक पैसे, दिलं तर सगळेच घरी बसतील. अरे पण मजुरी किती देतात ते विचारलंस का? फॉर्ममध्ये कॉलमच नाही म्हणतोस, मग घाल की कॉलम!

लाडकी बहीणचे महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यात कुणाचं घर चालतं? आणि हे बेसिक इन्कम नाहीच, ते विनाअट सगळ्यांना असतं, इथे वयाची, कुटुंबाच्या अडीच लाखाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे. खरा प्रयोग मध्य प्रदेशात झाला, २०११-१२ ला, 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने केलेला, मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, पोराला १००, पुढे ३०० आणि १५०. लोकांनी काम सोडलं नाही रे, दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी केली आणि स्वतःच्या शेतात जास्त राबले, शेरडं-म्हशी घेतल्या. आता मालकाला विचारलंस तर तो म्हणणारच, मजूर मिळेना. कॅनडातल्या डॉफिन गावात १९७०च्या दशकात किमान उत्पन्नाची हमी देणारा प्रयोग झाला, तिथे काम कमी केलं त्यात बाळंतिणी आणि शिकणारी पोरं होती. त्यात वाईट काय झालं?

माझी आई ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, कर्जात गेलेली, म्हणून सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. तिला नाही म्हणायची सोयच नव्हती. हातात थोडे पैसे असले की माणूस नाही म्हणू शकतो, एवढंच मी सगळीकडे सांगत आलेय. लोक हेकेखोर म्हणतात, म्हणू देत. वेचणीचा दर वाढव म्हणाले तर सख्खा भाऊ बोलायचा बंद झाला. त्याचंही खरंय, कापसाला भाव नाही, पण ती तूट बाईच्या मजुरीतूनच का काढायची? मी तेव्हा बोलले ते बरोबरच बोलले.

तर आता परत जा. मालकाच्या ओट्यावर चहा पीत बसू नको, वेचणी चालू असताना रानात जा. किलोला काय दर, दिवसात किती किलो होतात, वजनात किती मारतात, पैसे कधी मिळतात, सगळं विचार. आणि ज्या येत नाहीत म्हणतात त्यांच्या घरी जा, त्या सध्या कुठे कामाला आहेत ते लिहून आण. मग फोन कर, कितीही वाजता.

तुझी ताई