पैशांची ओढाताण ओळखायची कशी? नव्या प्राध्यापकांसाठी

पैशाची अडचण सहसा कुणी विद्यार्थी तोंडाने सांगत नाही. महिना उलटला तरी पाठ्यपुस्तक नाही, शेजारच्याच्या पुस्तकाचे मोबाइलवर फोटो काढणं चालू, प्रकल्पाचा अहवालही मोबाइलवरच टाइप केलेला, हे बघत राहा. पहिल्या तासाला डुलक्या घेणारा आळशीच असेल असं नाही. रात्रपाळी करून आलेला असू शकतो. सहलीचं नाव निघालं की दरवेळी ‘घरी काम आहे’ म्हणणारी मुलगीही लक्षात ठेवा.

चारचौघांत मात्र विचारू नका. ‘काही अडचण आहे का?’ याला ‘नाही सर’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘पुस्तक मिळालं का? जुनी आवृत्तीही चालेल’ असं नेमकं बोला. मदतीची माहिती पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे कुणा एकाकडे माना वळत नाहीत.

फीचे हप्ते, शिष्यवृत्ती यांची मुदत टळली की सगळंच अवघड होतं. म्हणून नुसतं ‘ऑफिसात जा’ म्हणू नका. सोबत जा, निदान तिथल्या कर्मचाऱ्याला आधी फोन करून ठेवा. (कित्येक मुलं खिडकीपर्यंत जाऊन तशीच परत फिरतात.) स्वतःच्या खिशातून उसने देणं मी टाळतो. फेडता आले नाहीत की तो विद्यार्थी आपल्याच तासाला येईनासा होतो.